नाकतोड्यांचं न जमलेलं लग्न

३ जून

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

नाकतोड्यांच्या दोन्ही पेट्या तुझ्या विवाहमंडळाच्या कचेरीत टाकून आले, रागावू नकोस. प्रयोगशाळेचं छप्पर दुरुस्त होईपर्यंतच. हिरवे कुरणातले, तपकिरी खडीच्या उतारावरचे. पूर्वज मात्र एकच. खडीवर हिरवं पिल्लू निघालं की पक्ष्यांच्या लगेच नजरेत यायचं. एखादं मातकट निघालं तर तगायचं, आणि त्याची पोरं त्याच्यावर जायची. अशा कितीतरी पिढ्या गेल्या. आता या दोन जाती झाल्यात की नुसते दोन रंग, यावर माझी पदवी अडली आहे. कुरण नांगरलं गेलंय, त्यामुळे आहेत तेवढेच हिरवे. पेट्या वेगळ्या ठेव. बाबांचा गुडघा बरा आहे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी चिमणी

१० जून

चि. चिमणीस, अ. उ. आ.

तुझे पाहुणे मजेत आहेत. पण एका घराण्यातली मंडळी आणि मधे काच, मला काही बघवेना. परवा सगळ्यांना मोठ्या टाकीत एकत्र सोडलं. हिरव्यांत मुली जास्त, तपकिऱ्यांत मुलगे. इतकी सोयीची स्थळं मला माणसांत मिळत नाहीत. चष्मेवाल्याच्या मुलाचं स्थळ तुला सुचवलं, त्याबद्दल तुझं उत्तर अजून नाही, आठवण करून देते.

आत्यावर लोभ आहेच, तो वाढव.
आत्या

१५ जून

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

त्यांची सरमिसळ झाली असेल तर पुढची पिल्लं ना इकडची ना तिकडची, आणि माझी सगळी वर्षं पाण्यात. मी तुझ्यावर रागावले आहे आणि रडलेही आहे. आधी त्यांना वेगळं कर. मग कुणाची कुणाशी जोडी जमली ते खरं खरं कळव.

रागातही तुझीच,
चिमणी

२० जून

चि. चिमणीस, अ. उ. आ.

वेगळे केले. तुला रडवलं म्हणून मला जेवण गेलं नाही. आता खरं ते सांगते. टाकी माझ्या टेबलावरच होती, कचेरीत गिऱ्हाईक नव्हतं, दुसरं बघायला काय होतं? हिरवा मुलगा पाय घासून लांबलचक किर्र लावतो, तपकिरी तुटक तुटक. तपकिऱ्याने वाजवलं की हिरवी पाठ फिरवून गवत खाते. हिरव्याचा आवाज आला की उड्या मारत जाते. तपकिरी मुलींचंही तेच. जोड्या जमल्या त्या सगळ्या आपापल्यात. सांगायला लाज वाटते, पण मी चमच्याने त्यांना शेजारी सरकवूनही पाहिलं. ढिम्म. माझ्या धंद्याची पार अब्रू गेली.

चष्मेवाल्यांना आज नकार कळवला. त्या मुलाशी बोलताना तू दोन्ही वेळा जांभई दिलीस, ते मी पाहिलं होतं. तरी तुलाही चमच्याने ढकलतच होते.

आत्याची चूक पोटात घाल.
आत्या

२६ जून

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं. ते खुर्चीतून उठलेच. एकत्र राहूनही जोड्या जमत नाहीत, हीच तर दोन जाती वेगळ्या होत असल्याची खूण. पण एका टाकीवर पदवी मिळत नाही. पुढच्या पिल्लांवर हाच प्रयोग नीट, पुन्हा पुन्हा करायचा आहे. निरीक्षणाला तूच हवीस, असं मी सरांना सांगितलंय. चष्मेवाल्यांच्या बातमीने मला किती हलकं वाटलं, ते भेटल्यावर सांगते.

लवकर ये. चमचा मात्र घरीच ठेव.

तुझी लाडकी,
चिमणी