पश्चिमेची भिंत

हार्डांगर, २ सप्टेंबर १९७८

प्रिय स्वेर्रेदादा,

आम्ही इकडे ठीक आहोत. ट्रोम्सोला थंडी सुरू झाली असेल, लोकरीचे मोजे घालत जा. यंदा सफरचंदं बेसुमार आलीत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे.

पश्चिमेची भिंत अखेर सोलून काढली. सोळा वर्षं फुटक्या फळ्यांनिशी उभी होती. बाबा कुणाला हात लावू देत नव्हते. नव्या फळ्या आणायला बाबांना घेऊन वखारीत गेले, म्हणजे डोक्याला ताप! प्रत्येक फळी ठोकून बघायची, कान लावायचा. "ही घाईत वाढलेल्या झाडाची. ठेव परत." शेवटी वखारवाला वैतागला, "गुटोर्म, फळी घेतोयस की सून बघतोयस?" बाबा म्हणाले, "सून निदान भांडते तरी. फळी बोलत नाही, सरळ फुटते."

परवा शेजारी मदतीला जमले. रुंद फळ्या उभ्या लावल्या, मग दोन फळ्यांमधल्या फटीवर अरुंद पट्टी. पट्टीचा खिळा फटीतूनच जायला हवा, फळीत नाही. लाकूड फुगतं, आटतं, त्याला हलायला जागा लागते. हे तुला काय सांगायचं! तू झोपेतही चुकला नसतास.

तेच लिहायचंय. चार कागद फाडले.

बाबांनी ही भिंत तुझ्यावर सोपवली होती. त्या शनिवारी तू होडी घेऊन नाचाला गेलास, तेव्हा तुझ्या वाटच्या पट्ट्या मी ठोकल्या. पंधरा वर्षांची होते, तुला खूश करायचं होतं. घट्ट बसाव्यात म्हणून खिळे थेट फळ्यांत मारले. वसंतात फळ्या तडकल्या तेव्हा बाबा सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "ह्याच्या हाती हातोडा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत." तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "हो, मीच ठोकल्या." मी वॅफलचं पीठ ढवळत राहिले. महिन्याभरात तू घर सोडून बोटीवर चढलास.

गेल्या आठवड्यात जुन्या पट्ट्या काढताना मी बाबांना सांगून टाकलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते खिळा उपटत होते. "माहीत आहे," म्हणाले. "सगळे खिळे डाव्या हाताने ठोकल्यासारखे तिरपे आहेत. घरात डावखुरी तू एकटी."

"कधी कळलं?"

"तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

सोळा वर्षं, दादा! मी हातोडा फेकला आणि तोंडाला येईल ते बोलले. मग बोलावलं का नाहीत त्याला? ते पुढचा खिळा उपटायला लागले. संध्याकाळी जेवले नाहीत.

भिंत काल पुरी झाली असती. पण शेवटच्या सहा पट्ट्या बाबा कुणाला ठोकू देत नाहीत, शेजाऱ्यांना घरी पाठवलं. पाऊस तोंडावर आलाय, फटींतून पाणी आत येईल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आज विचारलं, "दादाला पत्र लिहितेय. काही सांगू?"

ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "लिही, भिंत उघडी आहे."

त्या सहा पट्ट्या कुणासाठी राखल्यात ते तुला कळेल; त्यांच्या तोंडून एवढंच येणार. माझी माफी मात्र मी सरळ मागते. फार आठवण येते रे. ये.

तुझी, तेव्हा तोंड न उघडलेली,
ब्योर्ग