भिंतीतला व्हॅक्यूम

४ फेब्रुवारी, मंगळवार
बायको रात्रभर खोकत होती. सकाळी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. धुळीची ॲलर्जी निघाली. घरात धूळ साचू देऊ नका म्हणाल्या, आणि बायकोने केर अजिबात काढायचा नाही. जिना उतरताना बायको म्हणाली, म्हणजे आता ते काम तुझ्याकडे. मी आनंदाने हो म्हटलं.
संध्याकाळी शांतपणे विचार केला. रोज केर काढणं हा वरवरचा इलाज झाला. मुळाशी जायला हवं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मुळाशी गेलो. सेंट्रल व्हॅक्यूम. यंत्र कोठीच्या खोलीत, पाइप भिंतींच्या आतून, आणि प्रत्येक खोलीत भिंतीला एक तोंड. तोंडाचं झाकण उघडायचं, लांब नळी जोडायची, की धूळ थेट कोठीतल्या टाकीत. साध्या व्हॅक्यूममधून बारीक धूळ परत खोलीतच येते, यातून येत नाही. बायकोला चित्र काढून समजावलं. ती म्हणाली, छान आहे, आज केर काढलास का?
काढला नव्हता. दिवसभर वाचन चाललं होतं. मी चालढकल करतोय का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. उत्तर नाही असं आलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
दुकानात गेलो. मोटरचा आवाज, पाइपची वळणं, सक्शन, टाकी पिशवीची की बिनपिशवीची. मी इतकं विचारलं की विक्रेता मधेच जाऊन जेवून आला. परत आल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, घर केवढं आहे? म्हटलं, तीन खोल्या आणि कोठी. त्याने माहितीपत्रक मिटून ठेवलं. मग म्हणाला, आमच्याकडून हे बहुधा बंगलेवाले नेतात. मी म्हटलं, धूळ काही खोल्या मोजून येत नाही.
वाक्य चांगलं होतं. घरी आल्यावर बायकोलाही ऐकवलं. तिला शिंका येत होत्या, त्यामुळे नीट ऐकू गेलं नसावं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
केर सध्या लेक काढते. तिची परीक्षा जवळ आली आहे, हे मला कळतं. थोडेच दिवस, असं तिला सांगितलं. तिने विचारलं, "थोडे म्हणजे पाइप बसेपर्यंत, की बाबाचं ठरेपर्यंत?" भाषा उद्धट, पण प्रश्न रास्त. म्हणून आजच ठरवून टाकलं. बिनपिशवीची.

२३ फेब्रुवारी, रविवार
पिशवीची.

१ मार्च, शनिवार
मिस्त्री येऊन गेला. माणूस उत्साही. काहीही विचारा, होऊन जाईल म्हणतो. मला अशीच माणसं आवडतात. बायकोचं म्हणणं, नाही म्हणता न येणारा मिस्त्री आणि हो म्हणता न येणारा नवरा, छान जोडी जमली.
पलंग, कपाटं, फ्रिज, सगळं शेजाऱ्यांच्या रिकाम्या गाळ्यात हलवलं. मोकळ्या खोल्या किती मोठ्या दिसतात! नळीच्या लांबीची सुतळी घेऊन सगळीकडे फिरलो. तोंडं कुठे ठेवायची हा नाजूक प्रश्न होता. दर्शनी भिंतीवर प्लास्टिकचं झाकण वाईट दिसलं असतं. शेवटी नजरेत न येणाऱ्या जागा निवडल्या. मिस्त्री म्हणाला, होऊन जाईल.

५ मार्च, बुधवार
भिंती फोडायला घेतल्या. धूळ. सिमेंटची, विटांची, जुन्या रंगाची. चहाच्या कपातसुद्धा. बायकोचा श्वास लागला, म्हणून मेव्हणीकडे जायचं ठरलं. बॅग मी खाली नेऊन दिली. रिक्षात बसताना ती म्हणाली, "धूळ जावी म्हणून चाललंय ना हे? मग मीच कशी काय चालले?"
तात्पुरतं आहे, असं म्हणालो. रिक्षा तोवर वळली होती.

११ मार्च, मंगळवार
मेव्हणीचा फोन. ताई इकडे शांत झोपते, खोकला जवळजवळ थांबलाय. ऐकून आनंद झाला. आनंद नेमका कशाचा झाला हे तपासायला गेलो, तेव्हा थोडं वाईट वाटलं. तपासणी तिथेच थांबवली.

१९ मार्च, बुधवार
गिलावा झाला. रंग चालू. लेक रोज विचारते, आई कधी येणार? रंग वाळला की, असं सांगतो. ती भिंतीला बोट लावून बघते.

२८ मार्च, शुक्रवार
यंत्र सुरू केलं. काय खेच आहे! मिस्त्रीची पेन्सिल गेली. तो खूश, मीही. लगेच बायकोला फोन केला, रविवारी ये. पलीकडून मेव्हणीचा आवाज आला की इथे हिची काही अडचण नाही, सावकाश होऊ द्या. बायको तिला काही बोलली नाही. हे मला आवडलं नाही.

२९ मार्च, शनिवार
सामान परत आलं. हमालांनी विचारलं, काय कुठे ठेवायचं? म्हटलं, जिथे होतं तिथे.
ते गेल्यावर नळी घेऊन उभा राहिलो. लेकीने विचारलं, तोंडं कुठे आहेत? एक कपाटामागे, एक पलंगाच्या उशाकडे, एक फ्रिजमागे. नजरेत न येणाऱ्या जागा सामानानेही आधीच हेरलेल्या होत्या. कपाट दुसऱ्या भिंतीला लावून पाहिलं, दार उघडेना. फ्रिज सरकवला, तर वायर पुरेना. पलंग खिडकीखाली घेतला, तर खोलीत शिरायला पलंगावरूनच जावं लागतं.
चौथं तोंड मोकळं आहे. कोठीत, यंत्राच्या शेजारी. तिथून नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचते.
मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, परत फोडू की, होऊन जाईल. आणि मला ते पटलंही. नवीन जागा डोळ्यांसमोर दिसायला लागल्या. तेवढ्यात लेक म्हणाली, "मग मी आईला काय सांगू?"
मिस्त्रीला नको म्हटलं. आयुष्यातला माझा सर्वात झटपट निर्णय असावा.

३० मार्च, रविवार
पहाटेपासून मी आणि लेक गुडघ्यांवर. ओलं फडकं, बादली, कोपरा न् कोपरा. कपाटावर चढून वरचंही पुसलं. दुपारी बायको आली. दारात थांबली, खोल श्वास घेतला. आम्ही दोघं बघत राहिलो. खोकली नाही. यंत्र चांगलंच निघालं की, म्हणाली. लेक छताकडे बघू लागली. खरं सांगायला हवं होतं. योग्य वेळ पाहून सांगेन, असं ठरवलं.

२१ एप्रिल, सोमवार
डॉक्टरीणबाई समाधानी आहेत. असंच चालू ठेवा म्हणाल्या. शास्त्रीयदृष्ट्या ओलं फडकं हा पूरक उपाय आहे, मुख्य यंत्रणा भिंतीत सज्ज आहेच. कोठी तर आरशासारखी लख्ख असते. बायकोला सगळं सविस्तर सांगायची योग्य वेळ अजून आलेली नाही.
आज सकाळी फडकं पिळत होतो, तेव्हा आतून तिची हाक आली.
"अरे सेंट्रल व्हॅक्यूम, पलंगाखालचं राहिलंय."
गेलो.