कोंडून ठेवलेला श्वास

आये, तू मला विसरली असशील. नाही म्हणू नकोस. तुला चुलीवर ठेवलेला भात आठवत नसे, तिथे लेक काय आठवणार. शेजारणीची वाटी आणलीस की ती आपलीच व्हायची. फक्त लग्नात गायच्या धवल्याची ओळ तू कधी विसरली नाहीस. म्हणून आठवण करून देते: मी तुझी धाकटी, जिला तू मिठागरावर धवले शिकवलेस आणि जिच्या आवाजाला फुटकी परात म्हणायचीस. आता परातही राहिली नाही. मला अक्षर येत नाही, तेव्हा मी बोलते आणि सून लिहिते. ती पनवेलच्या शाळेत शिकवते, माझी भाषा जरा धुऊन घेते. दोन-तीन शब्द झाले की मला थांबावं लागतं, ती पेन वर धरून वाट बघते. पूर्वी मी तोंड उघडलं की ती स्वयंपाकघरात जायची. आता माझ्या एका शब्दासाठी बसून राहते. एवढा मान मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

आधी उजवा हात कापायला लागला, चहाची बशी वाजायची. मग पाय फरशीला चिकटायला लागले. चेहरा ताठ झाला. नात म्हणायची, "आजी, हस ना जरा," आणि मी हसतच असायची. डॉक्टरांनी पार्किन्सन असं नाव सांगितलं. तेही सोसलं. पण मग तो छातीत शिरला. बरगड्या अशा आवळतात, जशी भिजून वाळलेली टोपली. श्वास गळ्यापर्यंत येतो आणि तिथूनच परत जातो. छातीचे फोटो काढले, तर म्हणाले, फुप्फुसं साफ आहेत, ती हलवणारे स्नायूच आखडलेत. म्हणजे घर झाडलेलं आहे, फक्त दार उघडत नाही. गोळी घेतली की थोडा वेळ दार किलकिलं होतं, जोर ओसरला की पुन्हा बंद. ओहोटीला खाडीच्या चिखलात रुतलेली होडी तू पाहिलीस, तशी मी पुढच्या गोळीची वाट बघत खुर्चीत बसते. आडवी झाले तर छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं वाटतं, म्हणून उशांचा डोंगर करून टेकते.

व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. तिनं आत तीन हलके गोळे असलेलं एक प्लास्टिकचं खेळणं दिलंय. नळी तोंडात धरायची, श्वास ओढायचा, की गोळे वर जातात. पहिला उडतो, दुसरा नुसता थरथरतो, तिसरा मला ओळख देत नाही. ती सांगते, "ओठांचा चंबू करा आणि हळू सोडा, गरम चहावर फुंकर घालतो तसं. आणि मोठ्यानं बोला रोज. शेजाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"शेजारी घर विकून जातील," मी म्हटलं.

"जाऊ देत. मीच घेते ते घर," ती म्हणाली. तुला आवडली असती.

मला तुझं मिठागर दिसतं. आता तिथे कंटेनरच्या गाड्या उभ्या असतात, पण मला दिसतं. ऊन पांढरं झालंय, तू लाकडी फळीनं मीठ ओढतेस, मी मागून ओढते. फळी जवळ येईपर्यंत धवल्याची एक ओळ, एका दमात. मी मधेच श्वास घेते आणि तुझ्या फळीचा दांडा माझ्या पोटरीवर बसतो. "आदी दम भर, मंग तोंड उघड. तोडलेला धवला नवरीला लागत नाय." आणि तुझा दुसरा नियम: धवलारणी दोघी बसायच्या. पहिलीचा दम संपायच्या आत दुसरीनं शेवटचा शब्द उचलायचा, ओळ जमिनीवर पडू द्यायची नाही. तू गेल्यावर माझी जाऊ माझा शब्द उचलायची. तीही गेली.

तर नातीचं लग्न ठरलं. खारघरला नोकरी करते, इंग्रजीत भांडते, पण म्हणाली, "आजी, हळदीला धवला तूच म्हणायचास. डीजे नंतर." मी हो म्हटलं. मग मी जे केलं ते मिठागरातल्या बाईलाच सुचेल. आपण काय करायचो, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि उघाडीचं दार लावून कोंडून ठेवायचं. मी तसाच श्वास कोंडायचा ठरवला. बोलणं बंद, फुंकर बंद, ते गोळे कपाटावर टाकले. आहे तेवढा दम हळदीसाठी साठू दे म्हटलं. घरात सगळ्यांना वाटलं, मी मानपानावरून रुसले. मुलगा दोनदा साडी बदलून घेऊन आला. मी दोन्ही ठेवून घेतल्या.

हळद नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये होती. गोळी वेळ बघून घेतली होती, पण नवरीची सजावट लांबली. मी पाटावर बसलेले, आणि आतून गोळीचा जोर उतरतोय हे मला कळतंय, पायाखालून पाणी सरकावं तसं. नात समोर आली. मी दम भरला, म्हणजे भरायला गेले. पहिली ओळ सुरू केली. ती अर्ध्यातच पडली. मी उजवीकडे बघितलं, जाऊ बसायची तिकडे. तिथे फुलांची कुंडी होती. फोटो काढणारा कॅमेऱ्यामागून म्हणाला, "आजी, सुरू करा ना आता."

आये, माझा धवला तुटला याचं मला दुःख झालं असतं. पण तो सुरू झाला होता हेच कोणाला कळलं नाही. कोणीतरी मोबाइलवर धवला लावला, स्पीकरला जोडला, बायका खूश झाल्या. नात मात्र हळदीचा हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं.

नंतर व्यायामवाली मुलगी रागावली नाही, तेच वाईट. म्हणाली, "आजी, श्वास साठवता येत नाही. वापरला नाही तर आटतो." पाणी आटलं की खाली मीठ तरी उरतं. माझ्यात काय उरलं, ते मी तिला विचारलं नाही. आता पुन्हा फुंकर घालते, पुन्हा ओरडते, कुत्र्यांनाही कळत नाही कोण ओरडतंय. दुसरा गोळा आता थरथरतही नाही. नात माहेरपणाला आली की म्हणते, शिकव. मी एक शब्द देते, थांबते, दुसरा देते. एवढ्या तुकड्यांत ओळ ओळ राहत नाही. तुझी ओळ माझ्यापाशीच थांबणार, हे आम्हा दोघींना कळतं, आणि मग आम्ही चहा पितो.

हे कागद कुठे पाठवायचे, असं सुनेनं विचारलं. मी म्हटलं, उशीखाली ठेव, तेवढीच उंची वाढेल. ती हसली, पण लिहायची थांबली नाही. एक सांगते, हेही ती लिहितेय म्हणून हळू सांगते. मी सगळ्यांना म्हणते, मला मरणाची भीती नाही. तशी नाही. पण दम अडकतो तेव्हा मी तुला हाक मारते, आणि तीसुद्धा ओठांपर्यंत येत नाही.

दर पितृपंधरवड्यात मी तुझ्या जेवणाची वाडी कावळ्याला घालते. आजवर तुझ्याकडून उलट काही आलं नाही, विसरली असशील. या खेपेला तूच पाठव. खाडीतल्या निवट्यांचं कालवण, तुझ्या हातचं, चिंच घालून, आणि गिच्च मऊ भात. पण काटे काढून पाठव आणि तिखट कमी टाक. मला ठसका सोसत नाही.