पास झालेली खुर्ची

तीर्थरूप ताईस धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर वाकेल तितकाच, कारण पुढे येतंच आहे). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला असेल, आणि नसला तरी ते कबूल करणार नाहीत. तुझी लेक इथे धडधाकट आहे, फक्त मामाकडे जेवायला यायला तिला सवड नाही.

ज्या नव्या यानातून तिला अंतराळात जायचंय ते वर चढताना थरथरतं, हे तुला ठाऊक आहे. इतकं, की समोरच्या पडद्यावरचा तीन आठसारखा दिसतो आणि आठ कशासारखाच दिसत नाही. इंजिनवाले म्हणतात, आकडे मोठे काढा. आकडे मी काढतो, म्हणून मी म्हणतो, खुर्चीखाली स्प्रिंगा घाला. खुर्चीवाले म्हणतात, इंजिन सुधारा. (बैठकीत एकमत होतं ते चहा मागवण्यापुरतं.) अखेर स्प्रिंगा बसल्या. मग त्या खुर्चीत हलत हलत आकडे वाचायला मध्यम नजरेचा आणि रिकामा माणूस हवा होता, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तीन आठवड्यांत एकतीस वेळा बसलो. हाडं खिळखिळी झाली, पण वाचन दर वेळी सुधारत गेलं. चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ‘उत्तम’ असा शेरा मारला आणि खुर्ची पास झाली. मंगळवारी पाहुण्यांना दाखवायला मला पुन्हा बसवलं. बाराच्या बारा आकडे मी खणखणीत वाचले, काचेपलीकडे टाळ्या पडल्या. खुर्ची थांबल्यावर डोळे उघडले (चक्कर येते म्हणून हल्ली मिटूनच घेतो, हे तेव्हा ध्यानात आलं) तर आकड्यांचा पडदा सुरू करायचाच राहिलेला! ताई, मला आकडे पाठ झाले होते. आकड्यांचा तक्ता पहिल्या दिवसापासून एकच; त्यावर पाच साहेबांच्या सह्या आहेत, बदलायचा तर पुन्हा पाच सह्या, म्हणून कोणी त्या फंदात पडलं नाही.

स्प्रिंगांचा उपयोग होतो की नाही हे कोणालाच माहीत नाही, आणि त्या खुर्चीत बसणार माझी भाची. मला भीती वाटली आणि लाजही वाटली. साहेबांना हे सांगितलं, तर उड्डाण वर्षभर लांबणार, आणि पोर नऊ वर्षं वाट पाहतेय. तरीही उद्या सकाळी सांगणार आहे.

तुझा धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की उड्डाण लांबणार हे पोरीला तू सांग. साहेबांसमोर मी उभा राहीन, तिच्यासमोर माझी छाती होत नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायच्या आत ती स्वतःच टपकली आणि न विचारता पत्र वाचून मोकळी झाली. मी दाराकडे सरकलो. पत्राची घडी घालत ती म्हणाली, “मामा, आमचीही चाचणी त्याच तक्त्यावर झाली. मला तिसऱ्या दिवसापासून पाठ आहे.” (उड्डाण लांबेल म्हणून बोलली नव्हती.) तेव्हा तू तिला काही सांगू नकोस. उद्या साहेबांकडे आम्ही दोघंही जातोय. आधी तोंड मी उघडायचं, मोठ्यांचा मान म्हणून, असं तिने ठरवलंय. हा मान तिला जन्मात पहिल्यांदाच आठवला.