बँगोरची वही

अमरावती कॅम्प,
कार्तिक शुद्ध ५, शके १७८६

तीर्थस्वरूप वामनदादांचे चरणी धाकट्या भगवंताचे शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. येथील सर्व ठीक. अकोल्याचे क्षेम कळवीत जावे.

दिवाळीला आलो नाही म्हणून वहिनींनी माझ्या वाटणीचे अनारसे शेजारी वाटून टाकले, असे अब्दुल रहीमभाईंनी हसत हसत सांगितले. राग रास्त आहे. पण अमेरिकेत लढाई लागल्यापासून इकडचा रस्ता माणसांचा राहिलेला नाही. बडनेऱ्यापासून पुढे कापसाच्या गाड्यांमागे गाड्या, आणि धूळ अशी की पुढचा बैल दिसत नाही. रहीमभाई स्वतः कापसाचे व्यापारी, तेही कंटाळले आहेत. त्यांच्या गाडीबरोबरच हे पत्र पाठवतो.

पाद्री ओवेनसाहेबांची मराठी आता धावू लागली आहे. आधी मी त्यांना पुण्याच्या शाळेतली मराठी दोन महिने पढवली. ती घेऊन ते बाजारात गेले, तर भाजीवाली तोंडाकडे पाहत राहिली. परत येऊन माझ्यावरच रागावले. म्हणाले, मला इथल्या लोकांची बोली पाहिजे, शाळेची नको. आता ‘काहून बापा, कुठी चालला’ इथवर मजल गेली आहे. परवा त्यांनी रहीमभाईंना हेच विचारले, तेव्हा ते गाडीवरून पडता पडता वाचले.

या हट्टाचे कारण ऐकण्यासारखे आहे. साहेब इंग्रज नव्हेत. इंग्लंडाच्या पश्चिमेला वेल्स म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथले. त्यांची बोली अगदी निराळी. तिथे बँगोर म्हणून धर्माची गादी आहे. तेराशे वर्षांपूर्वी देनिओल नावाच्या साधूने कुडाचे कुंपण घालून मठ बांधला, त्याची. आता तिथे बिशप बसतो. आपल्या परगण्याला जसा देशमुख, तसा तो समजावा. त्याच्या हाताखाली आर्चडीकन, त्यांच्याखाली डीन, आणि गावोगाव एकेक पाद्री. पण दीडशे वर्षे झाली, बिशप येतो तो बाहेरूनच नेमून येतो आणि लोकांची बोली त्याला येत नाही. मग खाली पाद्रीही बरेचसे तसेच. साहेबांची आई मरायला टेकली तेव्हा गावच्या पाद्र्याने उशाशी बसून इंग्रजीत प्रार्थना वाचली. आवाज फार गोड होता म्हणतात. आई आढ्याकडे पाहत राहिली. हे सांगताना साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

आणखी एक गंमत. ते तरुण होते तेव्हा वरून हुकूम निघाला की बँगोर आणि तिच्या शेजारची, अशा दोन जुन्या गाद्यांची एक करावी आणि मँचेस्टरला नवा बिशप बसवावा. मँचेस्टर म्हणजे आपला सगळा कापूस जिकडे चालला आहे तेच गाव. साहेबांनी डोंगरोडोंगरी हिंडून अर्जावर सह्या घेतल्या. लिहिता न येणाऱ्यांनी फुल्या केल्या. वर्षानुवर्षे भांडल्यावर हुकूम मागे घेतला. गादी वाचली, पण तिच्यावर बसणारा पुन्हा बाहेरचाच. बंगल्यासमोरून गाड्या जाताना पाहून ते म्हणतात, भगवंत, हे गाव काही माझा पिच्छा सोडत नाही.

मी दहा वाक्ये वऱ्हाडी दिली की ते मला एक वाक्य त्यांच्या बोलीचे देतात. मी ते वहीत मोडीने उतरवून ठेवतो. नुसती करमणूक आहे, पण माझे सासरे केशवराव यांच्या कानावर घालू नये. पहिल्या बाळंतपणासाठी त्यांच्याकडे गेलेल्या मंडळींची प्रकृती वहिनींनी जाऊन पाहावी. मला विचारायला लाज वाटते, म्हणून आपणच न विचारता कळवावे. लोभ आहे तसाच राहू द्यावा, ही विज्ञापना.

आपला भगवंत

*

अकोला,
कार्तिक वद्य २

चिरंजीव भगवंतास वामनाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र पावले. सर्व खुशाल आहोत.

आपल्या घरी पत्र आले की ते एकट्याचे राहत नाही, हे तुला माहीत आहे. तुझेही ओसरीवर वाचले. केशवराव होते, शेजारचे नत्थुजी होते, आणि दाराआड बायका होत्या. बिशपाची हकीकत सर्वांना आवडली. नत्थुजींनी विचारले की बिशप पागोटे बांधतो की नाही. तू पुढच्या पत्री लिही, नाहीतर ते मला झोपू देणार नाहीत.

वहीच्या ओळी आल्या तेव्हा मी खोकल्याचे निमित्त केले आणि त्या गिळल्या. पण केशवरावांनी खोकला ओळखला. सर्वांसमोर म्हणाले की, वामनराव, पत्र तुमी वाचता, पन निम्मं पोटात ठेवता. मग मनातले बोलले. जवाई रोज पाद्र्याच्या घरी बसते, उद्या त्याच्या पंगतीले बसन, मी पोरगी कायच्या भरवशावर धाडू, असे म्हणाले. भगवंता, ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांचा चुलतभाऊ नागपुराकडे बाटला, तेव्हा त्या घरच्या दोन मुलींची लग्ने मोडली. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

तुझी वहिनी दुर्गा जाऊन आली. तुझ्या पार्बताला सातवा सरून आठवा लागला आहे. प्रकृती बरी, पाय थोडे सुजतात. तिने तुझे काही विचारले नाही, पण दुर्गा उठू लागली की पुन्हा खाली बसवत होती. न विचारता कळवले आहे, आता लाजू नकोस. नोकरीचा विचार कर. मायेत अंतर पडू न देणे.

वामन

*

अकोला,
मार्गशीर्ष शुद्ध ८

चिरंजीव भगवंतास वामनाचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुलगा झाला. परवा षष्ठीला सकाळी झाला. दिवस भरायच्या महिनाभर आधीच, पण रडणे दणदणीत आहे आणि नाक तुझे आहे, त्याला इलाज नाही. पार्बताने मात्र दोन दिवस फार सोसले. तानुबाई सुईण पंचक्रोशीत नावाजलेली, तिनेही एकदा हात टेकले होते. दुर्गा म्हणते, पोरगी शेवटी कोणाला ओळखतही नव्हती. आता भीती नाही, पण अंगात ताप आहे.

केशवराव नातू पाहून विरघळले आहेत. मी ती संधी साधली. त्यांनी कबूल केले आहे की तू ‘पौषापासून पाद्र्याची नोकरी सोडतो आणि आचारविचार सांभाळून आहे’ असे स्वच्छ लिहिलेस, तर सव्वा महिना झाल्यावर मायलेकरांना आपल्या घरी पोचवतील. एकच अट आहे. पत्र मी आधी फोडायचे नाही. वद्य द्वितीयेला बारसे आहे, त्या बैठकीत सर्वांसमोर फोडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. माझ्या खोकल्याचा हा प्रसाद. मी मान्य केले, कारण तू काय लिहिशील याची मला खात्री आहे.

तेव्हा आजच लिहायला बस आणि रहीमभाईंच्या हाती दे. चार ओळींवर तुझा संसार आहे, बाळा. माया आहेच, ती या वेळी कामी येऊ दे.

वामन

*

अमरावती कॅम्प,
मार्गशीर्ष शुद्ध ११

तीर्थस्वरूप दादांचे चरणी भगवंताचे साष्टांग नमस्कार. वि. वि. पंधरा दिवसांत आपले पत्र नाही. मूर्तिजापूरच्या नाल्यात गाड्या अडकून टपाल तिथेच बसले आहे असे कळते. मंडळींचे काय, या काळजीने जीव थाऱ्यावर नाही. त्यात इकडे जे झाले ते कोणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

ओवेनसाहेब काल गेले. चतुर्थीला ताप भरला तो उतरलाच नाही. पहिले दोन दिवस माझ्याशी वऱ्हाडीत थट्टा करत होते. मग वऱ्हाडी गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी इंग्रजीही गेली. उरली ती लहानपणची बोली. डॉक्टर आले, कॅम्पातले साहेबलोक आले, टोप्या हातात धरून उभे राहिले. ते काय म्हणतात ते एकालाही समजेना. एका साहेबाने इंग्रजीत त्यांची प्रार्थना वाचली. चांगली वाचली. आणि दादा, ओवेनसाहेब आढ्याकडे पाहत राहिले.

माझ्याने ते पाहवेना. मी वही काढली. पाणी मागत होते तो शब्द वहीत होता, म्हणून मला कळला. पेला मी माझ्या हाताने धरला. त्यांच्या आईची रोजची प्रार्थनाही वहीत होती. स्वर्गातल्या बापाला उद्देशून आहे. ती वाचायला माझी जीभ आधी वळेना. हे आपले नव्हे, हे मला कळत होते. पण त्या खोलीत त्यांचे शब्द फक्त माझ्या मोडीत होते, दुसऱ्या कोणाजवळ नव्हते. मी वाचली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. एका शब्दाला मी अडखळलो, तर ओठ हलवून तो दुरुस्त केला, रोज करत तसा. मग शेवटपर्यंत, दिवसातून जितक्या वेळा ओठ हलवून खूण करत तितक्या वेळा, मी ती म्हटली. आता वहीची गरज नाही, पाठ झाली आहे.

मी बाटलो नाही. जानवे गळ्यात आहे. संध्या चुकली नाही असे लिहिणार होतो, पण आपल्याशी खोटे कशाला, त्या सहा दिवसांत दोनदा चुकली. मी पाप केले असे मला वाटत नाही. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा तसेच करीन, असे वाटते, आणि याचीच भीती वाटते.

नोकरी आता आपोआपच सुटली. सामानाची मोजदाद संपली की निघून येतो. बाळंतपणाच्या आधी पोचेन असा अंदाज आहे. मायेची सावली काढून घेऊ नये. आणि दादा, हे पत्र कोणास वाचून दाखवू नये.

आपला भगवंत

*

अकोला,
मार्गशीर्ष वद्य ५

चिरंजीव भगवंतास वामनाचे आशीर्वाद. वि. वि. आशीर्वाद लिहू नये असे बैठकीत ठरले आहे. तरी लिहिला.

रहीमभाई बारशाच्या दिवशीच पत्र घेऊन पोचले. मला वाटले, माझ्याच पत्राचे उत्तर. केशवरावांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले, बंद आहे अशी खात्री केली आणि मला दिले. बारा-पंधरा माणसे होती. मी मोठ्या दिमाखाने फोडले.

‘काल गेले’ इथेच मला कळायला हवे होते. पण थांबलो असतो तर तो पुन्हा खोकला समजला असता. आणि खरे सांगू का? वाचता वाचता मला तुझा अभिमान वाटू लागला. मला वाटले, ऐकणाऱ्यांनाही वाटत असेल. म्हणून मी पेल्याचे वाचले, प्रार्थनेचे वाचले, संध्येचे वाचले. माझ्या मूर्खपणाची हद्द अशी की मी चांगला सूर लावून वाचत होतो. शेवटी कोणास वाचून दाखवू नये, ही ओळही मी सर्वांना वाचून दाखवली. कोणी हसले नाही. केशवराव पाळण्याकडे पाहत होते. तिकडेच पाहत म्हणाले की, पोराच्या बापानं खरं लिवलं, यानंच तं माहे हात बांधले. आणि उठून आत गेले.

आम्हांला बारशाआधीच निघावे लागले. मुलाचे नाव काय ठेवले ते आम्हांला अजून कोणी सांगितलेले नाही.

प्रायश्चित्त घेऊन शुद्ध करता येईल का म्हणून मी शास्त्रीबुवांकडे गेलो. ते म्हणाले, परधर्माची प्रार्थना तोंडाने म्हटल्याचा निर्णय इथे होत नाही, पैठणास लिहावे. लिहिले आहे. तुझ्या साहेबाच्या मुलखात जशा पायऱ्या, तशा आपल्याकडेही आहेत, हे मला परवा समजले. वर पत्र पोचायला किती दिवस आणि उत्तर यायला किती, याचा कोणालाच अंदाज नाही. तोवर केशवराव मायलेकरांना धाडत नाहीत, आणि तू अकोल्यात येऊ नये असा त्यांचा निरोप आहे. आलास तर आमच्या घरचे पाणी तुटेल. तू ये असे मी म्हणू शकत नाही आणि येऊ नको असे लिहायला हात चालत नाही.

दुर्गेला तरी त्या घरी जाऊ द्यावे म्हणून मी विनवणी केली. त्यांनी ऐकले, पण माझ्याकडून शपथ घेतली. यापुढे तुझे जे पत्र येईल ते मी बैठकीतच फोडीन आणि संपूर्ण वाचीन. मी बेलभंडार उचलला आहे. मोडता येणार नाही.

तू माझ्यापेक्षा शहाणा आणि बरा माणूस आहेस, हे मला आता कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून लिहिले. माया ठेव म्हणायला मला तोंड नाही, तरी ठेव.

वामन

ता. क. तानुबाई सुईण आताच येऊन गेली. पार्बताचा ताप उतरला आहे. पार्बताने तिच्या तोंडी तुझ्यासाठी निरोप धाडला, तो पार्बताच्याच शब्दांत लिहितो. म्हणाली की, त्याइले सांगजा, तुमी काई वाईट केलं नाई, मरनाऱ्याजवळ त्याच्या बोलीचं मानूस पायजेच. पन त्याच दिसात मी बी मरून राहिली होती. माह्या उशाशी बसाले तुमी कवा येता, एवढं लिहून धाडजा.

याचे उत्तर माझ्याकडे लिहू नकोस. ते मला बैठकीत वाचावे लागेल.