दारावरचा कडुलिंब

तेलीबाग, सप्टेंबर २००९, संध्याकाळ

स्वाइन फ्लू मागच्या वस्तीत शिरला तर काय करायचं, याची बैठक आज माझ्याच खानावळीत झाली. वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, आजाऱ्याच्या घरावर लाल स्टिकर लावू, म्हणजे कुणी आत जाणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मागे बसलेली, घरोघर धुणीभांडी करणारी रामकली शेजारणीच्या कानाशी पुटपुटली, ते मला बरोबर ऐकू आलं. "लाल परची लगी तो काम गया. हम तो मरीज़ छुपा लेंगे."

आणि एकदम लहानपणीचं सोलापूर आठवलं. मला गोवर आला तेव्हा आईने दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली होती. तिची कुणाला लाज नव्हती. आत कुणी येत नसे, पण रोज उंबऱ्यावर कुणीतरी जेवणाचं भांडं ठेवल्याचा आवाज यायचा. पडल्या पडल्या मी त्या आवाजाची वाट बघायचो. कोण ठेवायचं ते? आईने सांगितलं नाही, की मीच विचारलं नाही?

मी म्हटलं, मॅडम, स्टिकर राहू द्या, कडुलिंब बांधू.

रामकली खुदकन हसली. "नीम तो हम भी बाँधते हैं, भैयाजी. पर खाना कौन रखेगा?"

"मैं," म्हणून बसलो! इतका भाबडा कधीपासून झालो मी?

आत्ताच आचाऱ्याला बजावून आलो. डबा उंबऱ्यावर ठेवशील तो जरा आवाज करून ठेव. आत कुणीतरी कान लावून पडलेलं असेल.