तंबाखूचा सेंट

ता. ४ जानेवारी
चौक गावात गॅरेजवर बाईक टाकली, तोवर समोरच्या जनरल स्टोअरमध्ये सहज विचारलं. मिळाला! गोड तंबाखूचा तो तपकिरी सेंट. बंद होऊन जमाना झाला. कर्जत, खोपोली, मोहोपाडा, सगळीकडे विचारून थकलो होतो. इथे वरच्या फळीवर एकच बाटली धूळ खात पडलेली. लग्नात हाच लावला होता. पुढे सुनंदाने तंबाखू सोडायला लावली, तेव्हा हाच हुंगून दिवस काढले. आज फार खूश.

ता. ५
आंघोळ करून लावला. वास नाही. पुन्हा मारला. गळ्याला गार लागलं, बस्स. दुकानदाराने पाणी भरून ठेवलं असणार. बंद झालेला माल, विचारतो कोण?

ता. ७
चौकला जाऊन भांडलो. चार माणसं जमली. दुकानदाराने स्वतःच्या मनगटावर मारून दाखवला. "अवो, सगळं दुकान घमघमतंय, अजून काय पायजे तुमाला?" वर तोंड करून बोलतो! बाटली मी परत केली नाही मात्र. जुना आहे, उडाला असेल. जास्त मारावा लागेल.

ता. १०
आमच्या केमिकल प्लांटमध्ये सेंट लावून जायला बंदी. गळती झाली तर आधी नाकालाच कळते, म्हणून. मी काल संध्याकाळी लावलेला, तरी भगवान (शिफ्टचा माझा जोडीदार) लांबूनच ओरडला, "कुणाच्या वरातीला चाल्लास रं? डोकं उठलं माझं." नेहमीची मस्करी. हसलो.

ता. १३
सुट्टी. स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेलो. सु. बाहेरून आली ती ओरडतच. "अवो, गॅस चालू हाय! वास नाय येत तुमाला?" शेगडी विझलेली, बटण चालू. खिडक्या उघडल्या, मला हाताला धरून अंगणात काढलं आणि तिथेच रडायला लागली.
मला काहीच येत नव्हतं.

ता. १४
कांदा. फिनेल. सु.चा गजरा. बुटातले मोजे. काही नाही. म्हणजे दुकानदार खरा. प्लांटमध्ये इतकी वर्षं काढली, नाक कधी गेलं पत्ता लागला नाही. आणि मी बिचाऱ्याला चारचौघांत...
भीती वाटते.

ता. १७
सु. म्हणते, साहेबांना सांगा. सांगितलं की संपलं. कायम माणसाला ऑफिसात बसवतात, आम्हा कंत्राटवाल्यांना घरचा रस्ता. या वयात कुंभिवलीच्या कंपन्यांत कुणाच्या गेटवर काम मागत उभा राहू? सोमवारी सांगतो म्हणालो. सेंट लावला तरी. तिला तरी येऊ दे. तर म्हणाली, "नका लावू आता. भ्या वाटतं मला."

ता. २०
सोमवार. भगवानला सर्दी, नाक चोंदलेलं. टाकीचं झाकण खोलायचं होतं. एकाने खाली पाइपापाशी हुंगायचं, मग दुसऱ्याने वर चढायचं, ही आमची पद्धत. गॅस तपासायचा मीटर आहे, पण तो आणायला स्टोअरपर्यंत कोण जातो!
"वास हाय का रं?"
मी वाकलो. दोनदा हुंगलो.
"नाय."
चढला. खोकतच खाली आला. डोळे लाल, पाणी थांबेना. नळाखाली धरला त्याला. "तुला आला नाय?" म्हणाला. वारं तिकडं होतं, मी म्हणालो. पटलं त्याला. ते पटलं याचाच जास्त त्रास होतोय.
दवाखान्यातून घरी सोडला. सु.ने विचारलं, "सांगितलं का?" उद्या, म्हणालो. भगवानचं तिला बोललो नाही.

ता. २१
सांगायला साहेबांच्या ऑफिसपर्यंत गेलो. साहेब मीटिंगला. थांबलो नाही.
संध्याकाळी भगवानचा फोन. आवाज बसलेला. उद्यापासून कामावर येतोय. "जोडीला तूच हाय ना रं?"
हो म्हणालो.